तंबू कुठे ठोकायचा

ओट्टा, १४ एप्रिल

सिग्ने,

पाकिटावरचा पत्ता ओद्वारकडून लिहून घेतला. माझं अक्षर दिसलं असतं तर तू पाकीट न फोडताच शेगडीत टाकलं असतंस. आता फोडलंच आहेस तर पुढच्या चार ओळी वाच, मग टाक.

एंद्रे पुन्हा डोंगरात जायचं म्हणतोय. रोंदानेतच. त्याच खडकापाशी, तंबू घेऊन, बर्फ पडायच्या आत. हे तुला इथून फोन करणाऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं, एवढ्यासाठी लिहायला बसले.

परवा सकाळी पावाला लोणी लावता लावता म्हणाला, "आई, मला तिथे एकदा राहायचंय. तू आखून दे. मला नकाशा बघवत नाही."

मी म्हटलं, "बघवत नाही तर जाणार कसा?"

"म्हणून तर तुला सांगतोय ना."

इतकं सलग तो हिवाळाभर बोलला नव्हता. सुतारकामाचा वर्ग त्यानं अर्ध्यावर सोडला. त्याच्या खोलीची खिडकी डोंगराकडे आहे, वारा आला की काच थरथरते, म्हणून तो जिन्याखालच्या बोळात गादी टाकून झोपतो. ओद्वार त्याला ओलांडून कामाला जातो. हे मी तुला दया यावी म्हणून लिहीत नाही. तुझ्या घरी तर झोपायलाच कुणी उरलं नाही, हे मला कळतं.

सप्टेंबरातल्या त्या दिवसाचं तुला माहीत आहे तेवढंच मलाही माहीत आहे. वादळात तंबू फाटला. तुझ्या वेगारचे पाय चालेनात. एंद्रेनं त्याला दोन्ही स्लीपिंग बॅगांत गुंडाळून खडकाच्या आडोशाला ठेवलं आणि मदत आणायला निघाला. वाटेतच कोसळला. आपण दोघी खाली गाड्या लावतात तिथे उभ्या होतो, हातात हात धरून, आणि बचावपथकाचा तो दाढीवाला म्हणाला, एक जिवंत सापडलाय, कोणता ते कळलेलं नाही. मग गाडीचं दार उघडलं, आणि मी ओरडले.

अंत्यविधीनंतर चर्चच्या दारात तू मला म्हणालीस, "हालदिस, तू 'माझा आहे, माझा आहे' म्हणून ओरडलीस ना, तेव्हा माझा हात तुझ्या हातात होता." आणि महिन्याभरात घर बंद करून बहिणीकडे ओलेसुनला निघून गेलीस.

त्याबद्दल मी माफी मागावी म्हणून कितीदा कागद पुढे ओढला. शब्द येत नाहीत, कारण त्या ओरडण्याचं मला वाईट वाटत नाही. तुझा हात त्यात होता याचं वाटतं. या दोन गोष्टी मला वेगळ्या करता येत नाहीत.

तू 'जाऊ देऊ नकोस' असं लिहिलंस, तर मी त्याला अडवेन. एवढंच विचारायचं होतं.

हालदिस

ओट्टा, ६ मे

सिग्ने,

तुझं उत्तर नाही. नको म्हणाली नाहीस, याला मी होकार धरलेला नाही. पण तयारी सुरू केली आहे.

नवा तंबू आणला. दुकानातली मुलगी विचारत होती, "किती जणांसाठी? उन्हाळ्यापुरता की बारमाही?" मी म्हटलं, "सगळ्यात मजबूत असेल तो दे." ती हसून म्हणाली, "एव्हरेस्टला निघालात की काय?" मी हसले. हसावं लागतं.

जुना तंबू पोलिसांनी मागेच परत दिलाय. तो सरपणाच्या खोलीत आहे. फेकवत नाही आणि उघडवतही नाही.

शनिवारी बागेत नवा तंबू उभा केला. एंद्रेनं दांड्या जोडल्या, दोऱ्या ताणल्या. हात सगळं विसरले नव्हते. आत जाऊन पडला. मी स्वयंपाकघरातून बघत होते. तेवढ्यात खालच्या दरीतून वारा आला, काही विशेष नाही, दोरीवरचे कपडे हलले एवढाच. तंबूचं कापड फडफडलं आणि तो हातापायांवर रांगत बाहेर आला. रासबेरीच्या झुडपापाशी ओकला.

ओद्वार सरपण फोडत होता. कुऱ्हाड टाकून माझ्यावरच आला. "बास झालं हे! एक पोरगा गेला तो पुरला नाही का तुला? हाही न्यायचाय तिकडे?"

मी म्हटलं, "मी नेत नाहीये. तो जातोय."

"आणि तू आखून देतेयस. कौतुकानं. कुठे काय खायचं, कुठे झोपायचं. सहल आहे का ही?"

एंद्रे तोंड पुसत म्हणाला, "बाबा, मी बोळात झोपतो आणि तू रोज मला ओलांडून जातोस. ते चालतं तुला?"

ओद्वार पुन्हा सरपणाकडे वळला. संध्याकाळी बघते तर तंबूच्या शेजारी खुर्ची टाकून बसलेला, एक हात तंबूच्या दोरीवर. आत एंद्रे होता. वारा आला की ओद्वार दोरी धरून ठेवायचा.

हालदिस

ओट्टा, १८ मे

सिग्ने,

काल सतरा मे, राष्ट्रीय दिन. मिरवणुकीला एंद्रे आला. पांढरा सदरा घातला होता, तो गळ्याशी सैल झालाय. बँड आपल्या घरावरून गेला. तुझ्या घरावरून, म्हणायचं होतं मला. 'आपल्या' ही सवय जात नाही. पडदे ओढलेले होते, पण कुणीतरी तुझ्या कुंपणाला झेंडा बांधला होता. मी नाही बांधला. मला धीर झाला नसता.

लोक एंद्रेकडे बघतात आणि मग पटकन वाफलच्या टेबलाकडे बघतात. म्हातारा आस्ब्योर्न तेवढा सरळ समोर आला, काठी त्याच्या छातीला टेकवून म्हणाला, "काय रे, बागेत तंबू ठोकून झोपतोस म्हणे. आईनं घराबाहेर काढलं की काय?"

मला वाटलं, आता हा निघून जाणार. एंद्रे म्हणाला, "तिच्या स्वयंपाकापासून लांब राहायला बरं पडतं."

म्हातारा खदखदून हसला आणि एंद्रेही हसला. सिग्ने, तो आवाज मी सप्टेंबरपासून ऐकला नव्हता. मी लगेच तोंड फिरवलं. हे तुला लिहू नये, असं वाटत होतं. पण ज्याला सांगावं असं माझ्याजवळ आजवर एकच माणूस होतं, ते तू. दोघींचे दिवस एकदमच भरले, लिलेहामरच्या इस्पितळात एकाच खोलीत आपण कण्हत होतो, आणि तेव्हापासून त्याचं हसणं-रडणं मी आधी तुलाच सांगत आलेय. आता कुणाला सांगू?

तुझ्या मुलाचं हसणं कसं होतं, तेही मी विसरले नाही.

हालदिस

ओट्टा, २१ जून

सिग्ने,

तुझं कार्ड आलं. बंदराचं चित्र, आणि मागे एकच ओळ: 'शेवटी तो काय म्हणाला?' खाली सहीसुद्धा नाही.

मी ते खिशात ठेवून दिवसभर बस चालवत हिंडले. बसमधली शाळेची पोरं म्हणाली, आज हालदिस दोनदा थांबा चुकली.

मग एंद्रेपुढे ठेवलं. तो ओसरीच्या पायरीवर बसला होता. खूप वेळ अक्षराकडे बघत राहिला.

"सिग्नेचं आहे," म्हणाला.

"हो."

"तिनं मला विचारलंय की तुला?"

"तुलाच असणार. मला कुठे माहीत आहे?"

"मी निघालो तेव्हा म्हणाला, परत येताना पिझ्झा आण, अननस नको." एवढं बोलून तो हसल्यासारखा झाला आणि मग त्याचा चेहराच बदलला. "आणखी पण बोलला तो. पण ते तुला नाही सांगणार, आई. ते सिग्नेला सांगायचंय. तोंडावर. तिथे उभं राहून."

मी म्हटलं, "ती येणार नाही."

"तू विचार तरी."

म्हणून विचारते. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात. तेव्हा नद्यांना पाणी कमी असतं, डास गेलेले असतात आणि सहसा बर्फ नसतो. 'सहसा' हा शब्द मी किती सहज लिहायचे पूर्वी.

पिझ्झाचं खरं आहे. अननसाचंही. मी माझ्या मनचं काही घातलेलं नाही.

हालदिस

ओट्टा, १० ऑगस्ट

सिग्ने,

फोन मी उचलला होता. तू म्हणालीस, "एंद्रेला दे." बस्स. मी दिला आणि बाहेर जाऊन रासबेरीच्या झुडपांत उभी राहिले, म्हणजे ऐकू येऊ नये. आत येऊन बघते तर तो म्हणाला, "येतेय ती. ऑगस्टच्या शेवटच्या शुक्रवारी. गाडीनं थेट तिकडेच येईल. आणि आई, तू पण येणार आहेस हे मी तिला सांगितलंय."

"काय म्हणाली?"

"काही नाही म्हणाली."

तर आता आखणी सांगते. तुला लागेल.

बर्चची झाडं संपतात तिथे गाडी लावायची. तिथून वर सगळी पांढरट शेवाळाची जमीन, चालायला सोपी, पण ओली असेल तर घसरते. तुझे जुने बूट आण, नवे नकोत. रेनडिअरची शिकार सुरू झालेली असेल, म्हणून लाल किंवा पिवळं काहीतरी अंगावर असू दे. दगडांच्या राशींवर तांबड्या खुणा आहेत, त्या सोडायच्या नाहीत. ओढ्याला वळण आहे तिथे थांबायचं.

तंबू कुठे ठोकायचा, यावर आमचं अजून जमत नाही. एंद्रे म्हणतो, खडकापाशीच. मी म्हणते, ओढ्याच्या वळणावर, खाली, तिथे आडोसा आहे आणि खडक नजरेत राहतो. तो म्हणतो, "नजरेत राहून काय करू? गेले वर्षभर नजरेतच आहे." दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच वाद. दोन तंबू नेणार आहोत. एक त्याचा, एक तुझा-माझा. तुला माझ्याबरोबर झोपायचं नसेल तर मी त्याच्यात जाईन.

ओद्वार येत नाही म्हणतो. पण काल गॅरेजमधून ठोकण्याचा आवाज येत होता. बघते तर लोखंडाच्या खुंट्या करतोय, प्रत्येक एक हाताएवढी. "या वाऱ्याच्या बापाला उपटायच्या नाहीत," म्हणाला.

एंद्रेनं एक उचलून पाहिली. "बाबा, या पाठीवर वाहणार कोण? रेनडिअर?"

"तू वाहशील. आणि गुमान वाहशील."

वाहणार आहे तो. सगळ्या भरल्यात पिशवीत.

खाण्याचं मी बघते. लेफ्सच्या पातळ पोळ्या, तपकिरी चीज, सुकं मटण. तू काही आणू नकोस. तुला आवडते तशा काळ्या, कडक कॉफीचा डबा मी घेतलाय.

हालदिस

ओट्टा, २४ ऑगस्ट

सिग्ने,

हे तुला निघायच्या आत मिळेल की नाही, माहीत नाही.

हवा बरी आहे. सकाळ-संध्याकाळ अंदाज बघते. एंद्रे बघत नाही. शनिवारी पहाटे वारा वाढेल असं दाखवतायत, पाऊस किंवा बर्फ नाही. तो वारा मी त्याला सांगितलेला नाही. तुला सांगते, कारण कुणाला तरी माहीत असायला हवं. तुला वाटत असेल तर एक आठवडा पुढे ढकलू. फोन कर. मी उचलला तर बोलायची गरज नाही, नुसतं 'नको' म्हण.

आज त्यानं सरपणाच्या खोलीतून तो जुना तंबू बाहेर काढला. गवतावर पसरला. कापड एका बाजूनं शिवणीपासून पार खालपर्यंत उसवलेलं. तो शिवणीवर बोट फिरवत राहिला आणि म्हणाला, "आम्ही नीटच ठोकला होता, आई. नीटच ठोकला होता." मी म्हटलं, "माहीत आहे." मग आम्ही दोघांनी धरून त्याची घडी घातली.

तू आल्यावर त्याच्यावर रागावलीस तरी चालेल. तो त्याची तयारी करून आहे. फक्त मुकी राहू नकोस. मुकेपण त्याला सोसत नाही. मला सोसेल.

हालदिस

ओट्टा, ५ सप्टेंबर

सिग्ने,

जिथे आपण दोघीही होतो ते पुन्हा लिहायचं कारण एवढंच, की तू काय बोललीस ते मी बरोबर ऐकलं का, हे मला स्वतःला कळायला हवं.

तुझी गाडी आली तेव्हा ओद्वार आमचं सामान उतरवत होता. येत नाही म्हणणारा माणूस आम्हाला सोडायला आला, आणि तिथेच गाडीत बसून राहणार होता आम्ही डोंगर उतरून येईपर्यंत. तू बारीक झालीस. केस कापलेस. एंद्रे पुढे झाला आणि मध्येच थांबला, हात कुठे ठेवावेत हे त्याला कळेना. तू त्याच्या पाठीवरची पिशवी हातानं तोलून पाहिलीस आणि म्हणालीस, "दगड भरलेस का रे?"

"बाबानं केलेल्या खुंट्या आहेत."

"ओद्वारनं केल्यात? मग डोंगरच उपटून येईल."

पोरगा तिथेच रडायला लागला. तू त्याला धरलंस. मी बुटाच्या नाड्या बांधत बसले.

वाटेत तू त्याच्या मागे आणि मी तुझ्या मागे. तू एकदाही वळून पाहिलं नाहीस. मला त्याचं काही नाही. तुझी पिवळी टोपी पुढे हलत होती, तिच्यामागे मी लहानपणापासून चालत आलेय.

ओढ्याच्या वळणावर मी पिशवी खाली ठेवली आणि म्हटलं, इथे. एंद्रेनं तुझ्याकडे पाहिलं. तू वर बघत होतीस, खडकाकडे. तू यापूर्वी तो पाहिला नव्हतास, हे मला तेव्हा लक्षात आलं. किती लहान आहे ना तो? त्याच्यामागे एक माणूस जेमतेम मावेल.

तू म्हणालीस, "इथे नाही. वर."

मी म्हटलं, "सिग्ने, वर आडोसा नाही. पहाटे वारा आहे."

"मग असू दे. माझा मुलगा होता ना तिथे? चल, एंद्रे."

त्या दिवशी माझ्याशी तू बोललेलं पहिलं वाक्य ते. मी म्हटलं, मीही येते. तर एंद्रे म्हणाला, "आई, तू खाली थांब." तो वाईट बोलला नाही. हळूच म्हणाला, लहान मुलाला समजवावं तसा.

म्हणून मी खाली माझा तंबू एकटीनं लावला. तुम्ही वर तुमचा लावलात. खुंट्यांवर दगड मारल्याचा आवाज खालपर्यंत येत होता. मग तुम्ही दोघं खडकापाशी बसलात, आणि तो बोलायला लागला असावा, कारण तुझी टोपी खाली झुकली आणि खूप वेळ वर आली नाही. मी तीनदा कॉफी केली आणि ओतून दिली.

पहाटे वारा आला. अंदाजापेक्षा जास्तच. माझा तंबू माझ्या अंगावर वाकत होता. मी बाहेर येऊन वर पाहिलं. उजाडत होतं. तुमचा तंबू एका कुशीवर कलंडायचा, पुन्हा उठायचा. मी चढायला निघाले, सिग्ने. अर्ध्या वाटेवर गेले. आणि तिथून मला तुझा आवाज ऐकू आला. तू गात होतीस. ते तुमच्या घरचं गाणं, दोघं पोरं लहान असताना आंघोळ घालताना म्हणायचीस ते, पुढचे शब्द तुला कधीच आठवायचे नाहीत ते. आतून एंद्रे तुला शब्द सांगत होता. ओरडून, वाऱ्यावर आवाज चढवून.

मी परत खाली आले.

सकाळी तुम्ही उतरलात तेव्हा त्याच्या गालाला कापडाच्या घडीचा वळ होता. म्हणजे झोपला होता. "आई, खायला काय आहे?" म्हणाला आणि उभ्यानंच लेफ्सं खात ओढ्याकडे गेला. मग आपण दोघीच उरलो. मी तुला कप दिला. तू घेतलास.

तू म्हणालीस, "वेगारनं त्याला 'जाऊ नकोस' म्हटलं होतं. शेवटचं तेच. एंद्रे तरी गेला. वर्षभर हेच पोटात घेऊन बसला होता पोरगा."

मी माझा कप भरून घेतला.

"मी त्याला सांगितलं, गेलास ते बरोबर केलंस. जायलाच हवं होतं. थांबला असतास तर दोघंही गेला असतात." मग तू कॉफीत बघत म्हणालीस, "मी त्याला विचारलं, माझ्याबद्दल काही बोलला का? तर नाही. थंडीनं बरळत होता. बेल्लाला खायला घातलं का, विचारत होता. कुत्री, हालदिस. मरून कितीतरी वर्षं झाली तिला. तिचं नाव घेतलं त्यानं."

मी तुझ्याकडे हात केला. तू कप दुसऱ्या हातात घेतलास.

"एंद्रेकडे मी बघू शकते," तू म्हणालीस. "मला वाटलं नव्हतं, पण बघू शकते. सुट्टीत माझ्याकडे येऊन राहा म्हटलंय त्याला. तुझ्याकडे नाही बघवत."

मी विचारलं, "मी काय करायला हवं होतं तेव्हा?"

"काही नाही. काहीच नाही. दार उघडल्यावर वेगार दिसला असता तर मीही तशीच ओरडले असते. तुझा हात सोडून धावले असते. ते मला माहीत आहे. म्हणूनच नाही जमत." मग म्हणालीस, "आता लिहू नकोस."

बरोबर ऐकलं ना मी?

एंद्रेनं परवा बोळातली गादी उचलली. सोमवारपासून वर्गाला जाणार आहे, मास्तरांनी त्याची जागा ठेवली होती. ओद्वार शेजाऱ्यांना खुंट्यांची गोष्ट सांगत फिरतोय. घरात माणसं बोलतात, ताटं वाजतात. हे सगळं मी बघते आणि तुला सांगायला वळते, आणि तिथे तू नसतेस.

तू सांगितलंस म्हणून यानंतर लिहिणार नाही. हे एवढं शेवटचं, आणि तेही त्याच्यासाठी. शरदाच्या सुट्टीत तो आगगाडीनं ओन्दाल्स्नेसला येईल, तिथून बसनं तुझ्याकडे. कॉड खातो, हेरिंग खात नाही, पण तू वाढलंस तर खाईल आणि बोलणार नाही. सकाळी उठायला वेळ लावतो. समुद्रावर न्यायचं असेल तर ने, मला विचारायची गरज नाही.

आणि तिथे असताना त्याला 'आईला फोन कर' म्हणून आठवण करू नकोस. तुझ्याकडे आलेला असेल, तेवढे दिवस तो तुझ्याकडेच असू दे.

हालदिस